स्टेपनी नसलेल्या गाडीचे पंक्चर

टायर सीलंट किट हे पंक्चर झालेली गाडी पंक्चरवाल्यापर्यंत पोचवण्याचे साधन आहे. टायरच्या व्हॉल्व्हमधून आत सोडलेला चिकट द्रव भोकापाशी जमून ते बुजवतो, आणि सोबतच्या छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली की गाडी ठरावीक अंतर बेताच्या वेगाने चालवता येते. गाडीबरोबर मिळणाऱ्या किटमध्ये साधारणपणे 300 ते 450 मिलिलिटरची सीलंटची बाटली, गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर, दाब दाखवणारे गेज, हवेची नळी आणि वेगमर्यादेचा एक स्टिकर एवढे सामान असते. जॅक लावायचा नाही, चाकाचे नट सोडवायचे नाहीत, हातही फारसे काळे होत नाहीत. ज्यांना जॅक आणि पाना झेपत नाही त्यांना, आणि अंधारात रस्त्याकडेला थांबण्याची वेळ आलेल्या कोणालाही ही मोठीच सोय आहे. मात्र तिच्या मर्यादा आधी माहीत असायला हव्यात.

नवी गाडी घेणाऱ्या अनेकांना डिकीत स्टेपनी नाही हे पहिल्या पंक्चरच्या दिवशीच कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै 2020 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधला दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट दिलेले असेल, तर जादा चाक देण्याचे बंधन उरले नाही. ऑक्टोबर 2020 पासून हा नियम लागू झाला. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापलेल्या काही गाड्यांत आणि बॅटरीसाठी जागा लागणाऱ्या काही इलेक्ट्रिक गाड्यांत त्यानंतर स्टेपनीची जागा किटने घेतली. आपल्या गाडीत नेमके काय आहे हे डिकीतला गालिचा उचलून एकदा पाहून ठेवावे. किट सापडले नाही तर पुढच्या सीटखाली आणि डिकीच्या बाजूच्या कप्प्यातही पाहावे.

पुण्यात पंक्चर कुठेही होते, पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि त्याच्या भोवतीच्या रस्त्यांवर त्याची शक्यता जास्त, आणि त्याचे कारणही समोरच दिसते. आंबा, सफरचंद अशी फळे लाकडी पेट्यांतून येतात. गाळ्यावर पेटी उघडताना फळ्या उचकटल्या जातात, खिळे वाकून निघतात, आणि मोडक्या पेट्यांचा ढीग हलवला की त्यांतले काही रस्त्यावरच राहतात. पत्र्याच्या पट्ट्यांचे तुकडे आणि तारेची टोकेही असतात. पलीकडे नेहरू रस्त्याच्या बाजूला टिंबर मार्केट आहे, तिथेही लाकूड आणि खिळे यांचाच व्यवहार. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर हे खिळे चिखलात दडतात, शिवाय ओले रबर लवकर कापले जाते. फळ-भाजीपाला विभागात रविवारी मोठी आवक असते आणि त्याच दिवशी घरगुती खरेदीलाही लोक गाड्या घेऊन येतात. ट्रक, टेम्पो आणि हातगाड्यांच्या गर्दीत गाडी कडेकडेने न्यावी लागते, आणि झाडून आलेला कचरा नेमका कडेलाच साचलेला असतो. खिळ्याने झालेले असे पंक्चर बहुतेकदा लहान, सरळ आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागात असते. सीलंट किट अशाच पंक्चरसाठी बनवलेले आहे.

किट कुठे चालते आणि कुठे नाही, हे सीलंटच्या कामाच्या पद्धतीवरून समजते. बाटलीतल्या द्रवात रबराचे अतिसूक्ष्म कण असतात, बहुधा लॅटेक्सचे. थंडीत गोठू नये म्हणून ग्लायकॉल असते आणि काही प्रकारांत बारीक तंतूही असतात. टायरमधली हवा भोकातून बाहेर धावते तेव्हा हा द्रवही त्या वाटेने ओढला जातो. अरुंद वाटेत कण एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि भोकात रबरी बूच तयार होते. त्यासाठी द्रव भोकापर्यंत पोचायला हवा, आणि उभ्या गाडीत तो टायरच्या तळाशीच साचलेला असतो. चाक फिरू लागले की तो आतून सगळीकडे पसरतो. म्हणून सीलंट भरल्यावर लगेच गाडी चालवणे हा कृतीचाच भाग आहे. हवा भरून गाडी तिथेच लावून ठेवली आणि चहा घेऊन आल्यावर टायर पुन्हा बसलेला दिसला, तर दोष किटचा नसतो.

बूच लहान भोकातच टिकते. बहुतेक किटची मर्यादा 4 ते 6 मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे पेटीचा खिळा किंवा स्क्रू चालेल. लोखंडी पट्टीने पडलेली चीर चालणार नाही. भोक टायरच्या नक्षीच्या भागात असायला हवे. टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, त्यामुळे तिथे बूच धरत नाही. शिवाय तिथले दोरे तुटलेले असतील तर टायर चालत्या गाडीखाली फुटू शकतो. रिम खड्ड्यात आपटून वाकली असेल किंवा टायरची कड रिमवरून सुटली असेल, तरीही किटचा उपयोग नाही. ट्यूब असलेल्या टायरला हे किट वापरू नये. जुन्या गाड्यांत आणि मालवाहू टेम्पोंत ट्यूब अजूनही आढळते, तेव्हा शेजारच्या टेम्पोवाल्याला मदत म्हणून आपली बाटली देण्याआधी टायरवर ट्यूबलेस लिहिले आहे का ते पाहावे.

सर्वांत जास्त टायर वाया जातात ते हवा गेल्यावरही गाडी चालवल्याने. हवेविना टायरची भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते आणि आतले रबर भुकटी होऊन सुटते. बाहेरून पाहिले तर भिंतीवर गोल फिरलेला घासल्याचा पट्टा दिसतो. असा पट्टा दिसला की सीलंट भरू नये; त्या टायरची ताकद गेलेली असते. म्हणून स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागले, मागून फडफड ऐकू आली किंवा डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला, की लवकरात लवकर सुरक्षित जागा पाहून थांबावे. चारदोनशे मीटर सावकाश जावे लागले तर जावे. त्याहून जास्त ओढू नये.

जागा निवडणे महत्त्वाचे आहे. मार्केट यार्डाच्या आत गाळ्यांसमोर, हमालांच्या हातगाड्यांच्या वाटेत गाडी अडवून खाली बसणे धोक्याचे आहे आणि इतरांच्या कामाचाही खोळंबा होतो. पार्किंगच्या जागेत किंवा रुंद रस्त्याच्या डाव्या कडेला, सपाट जागी गाडी घ्यावी. गंगाधाम चौकाकडून आईमाता मंदिराच्या दिशेने चढ-उतार आहे आणि अवजड वाहने त्यावरून वेगाने येतात. पंक्चर तिथे झाले तर उतार संपेपर्यंत अगदी हळू जाऊन मगच थांबावे. हँडब्रेक ओढावा, चारही इंडिकेटर लावावेत, प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करावे आणि लाल त्रिकोण गाडीच्या मागे बऱ्याच अंतरावर ठेवावा. पंक्चर रस्त्याच्या बाजूच्या चाकाला असेल आणि वाहतूक अंगावर येत असेल, तर किट उघडूच नये, मदत बोलवावी. राष्ट्रीय महामार्गावर, उदाहरणार्थ कात्रजपुढे साताऱ्याच्या रस्त्यावर, त्यासाठी 1033 हा क्रमांक आहे. तातडीच्या प्रसंगी 112 कुठूनही लागतो.

आता टायर नीट पाहावा. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवले की नक्षीचा बराच भाग नजरेसमोर येतो. खिळा दिसला तर तो काढू नये. सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो, पण तोच खिळा भोक अडवून बसलेला असतो. तो उपटला की हळूहळू जाणारी हवा एकदम जाते आणि सीलंटला बुजवायचे भोकही मोठे होते.

यापुढची सूचना किटच्या पुस्तिकेत सहसा नसते, पण शहरात ती फार उपयोगी पडते. आधी नुसती हवा भरून पाहावी. कॉम्प्रेसरची नळी बाटलीशिवाय थेट व्हॉल्व्हला लावता येत असेल तर 30-32 पीएसआयपर्यंत हवा भरावी आणि पाच मिनिटे थांबून गेज पुन्हा पाहावे. खिळा रुतलेल्या टायरची हवा पुष्कळदा इतकी सावकाश जाते की तेवढ्यात दोनतीन किलोमीटर सहज होतात. मार्केट यार्डापासून स्वारगेट, बिबवेवाडी किंवा सातारा रस्ता, कुठेही जा, पंक्चरचे दुकान त्याआधीच लागते. बाटली वाचते, टायर आतून स्वच्छ राहतो आणि पंक्चरवाल्याचे काम सोपे होते. सीलंट राखून ठेवावे ते हवा भरता भरताच निघून जात असेल त्या वेळेसाठी, किंवा दुकान जवळ नसलेल्या रस्त्यासाठी आणि रात्रीसाठी.

सीलंट वापरायचेच ठरले तर बाटलीवरची मुदतीची तारीख आधी पाहावी आणि बाटली जोरात हलवावी, कारण उभ्या ठेवलेल्या बाटलीत कण खाली बसतात. वेगमर्यादेचा स्टिकर सोलून चालकाला दिसेल असा डॅशबोर्डवर लावावा. स्टिअरिंगच्या मधोमध, एअरबॅगवर लावू नये. पुढची जोडणी किटनुसार बदलते. बहुतेक नव्या किटमध्ये बाटली कॉम्प्रेसरवर उलटी फिरवून बसवायची असते आणि तिची छोटी नळी व्हॉल्व्हला घट्ट लावायची असते. काही किटमध्ये सोबतच्या चावीने व्हॉल्व्हची पिन काढून, बाटली पिळून द्रव आत सोडायचा आणि पिन पुन्हा बसवायची असते. ती पिन मातीत ठेवू नये. व्हॉल्व्हमध्ये वाळूचा एक कण गेला तरी हवा गळत राहते. कॉम्प्रेसरचा स्विच बंद आहे याची खात्री करूनच वायर सॉकेटमध्ये घालावी. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावलेला असेल तर काढावा, नाहीतर फ्यूज उडण्याची शक्यता असते.

इंजिन चालू ठेवून कॉम्प्रेसर सुरू करावा, म्हणजे बॅटरी उतरत नाही. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीची गाडी दहा मिनिटे एका जागी चालू ठेवू नये. कोंडलेल्या जागेत विषारी धूर साचतो. तिथे इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करावे. बॅटरी चांगली असेल तर तेवढा भार ती घेते.

सुरू करताच गेजचा काटा एकदम वर जातो, कधी 70-80 पीएसआयपर्यंत. हे पाहून घाबरून स्विच बंद करणारे बरेच असतात. त्या क्षणी घट्ट द्रव व्हॉल्व्हच्या अरुंद तोंडातून ढकलला जात असतो आणि काटा नळीतला दाब दाखवत असतो. अर्ध्याएक मिनिटात बाटली रिकामी होते, काटा झपाट्याने खाली येतो आणि मग टायरमधला खरा दाब सावकाश चढू लागतो. पाच ते दहा मिनिटांत तो गाडीसाठी सांगितलेल्या आकड्यापर्यंत जायला हवा. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. दहा मिनिटांत 26 पीएसआयसुद्धा झाले नाहीत, तर नळी काढून गाडी पाचदहा मीटर पुढेमागे करावी, म्हणजे द्रव आत फिरतो. कॉम्प्रेसर थंड होऊ द्यावा आणि एकदाच पुन्हा प्रयत्न करावा. तरीही दाब चढत नसेल तर भोक किटच्या आवाक्याबाहेरचे आहे. मग टोइंग किंवा जागेवर येणारा पंक्चरवाला हाच मार्ग. गाडीच्या विम्यात रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतलेली असेल तर तो क्रमांक याच वेळी कामी येतो. कॉम्प्रेसर सलग दहा मिनिटांहून जास्त चालवू नये. तो जळतो, आणि नळीचे धातूचे टोक हात भाजेल इतके तापते.

दाब चढला की नळी काढावी. तेव्हा थोडा द्रव उडतो आणि कपड्यांवर पडला तर वाळून डाग राहतो, म्हणून जुने फडके हाताशी ठेवावे. डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने धुवावे. लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांनी हातमोजे घातल्याशिवाय बाटलीला हात लावू नये.

लगेच निघावे. सुरुवातीचे पाचसात किलोमीटर किंवा दहा मिनिटे सलग चालवावे, वेग 80 च्या वर कधीही नेऊ नये. शहरात 40-50 पुरे. धक्के आणि खड्डे टाळावेत, जोरात ब्रेक मारू नयेत. मग सुरक्षित जागी थांबून गेज लावावे. दाब 20 पीएसआयच्या खाली घसरला असेल तर बूच धरलेले नाही, प्रवास तिथेच थांबवावा. त्याहून वर असेल तर ठरलेल्या आकड्यापर्यंत हवा भरून पुढे जावे. अनेक किटवर 200 किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. तो आकडा दुकान लांब असलेल्या मुलखासाठी आहे. त्याच्या भरवशावर खंबाटकी घाट ओलांडून गावी जाऊन येणे योग्य नाही. वाटेतल्या पहिल्या चांगल्या दुकानात थांबावे.

दुकानात गाडी लावताच आत सीलंट भरले आहे हे सांगावे. न सांगता टायर उघडला तर पंक्चरवाल्याच्या अंगावर द्रव सांडतो. स्प्रेच्या डब्यातले सीलंट असेल तर आणखी धोका असतो, कारण अशा काही डब्यांत ज्वलनशील वायू असतो आणि तो टायरमध्ये राहिलेला असू शकतो. ठिणगी किंवा वेल्डिंग जवळ असताना असा टायर उघडणे जिवावर बेतू शकते.

पंक्चर काढण्याची आपल्याकडची रूढ पद्धत स्ट्रिपची. साबणाचे पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते पाहतात, पकडीने खिळा उपटतात, कानशीसारख्या खरबरीत सळईने भोक आतबाहेर घासतात. मग जाड सुईच्या नेढ्यात डांबरी रंगाची चिकट पट्टी ओवून, सुई जोर लावून आत दाबतात आणि झटक्यात बाहेर ओढतात. पट्टी दुमडून आत राहते, बाहेर उरलेली टोके कापतात आणि पुन्हा साबणाचे पाणी टाकतात. दहा मिनिटांत काम होते आणि शहरातल्या वापरात ते बरेच दिवस टिकतेही. पण यात टायर आतून कोणी पाहिलेला नसतो. सीलंट भरलेल्या टायरच्या बाबतीत एवढ्यावर भागवू नये. टायर रिमवरून उतरवून घ्यावा, आतला द्रव पुसून-धुऊन काढायला सांगावा, भिंत आतून चिरडलेली नाही ना ते पाहावे आणि आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. व्हॉल्व्हला जोडलेला दाबाचा सेन्सर असेल तर तोही स्वच्छ करून घ्यावा. द्रव वाळून त्याचे छिद्र बुजले की डॅशबोर्डवर चुकीचा आकडा दिसतो. शेवटी बॅलन्सिंग करावे, नाहीतर आत राहिलेल्या द्रवामुळे वेगात स्टिअरिंग थरथरते. काही कंपन्या सीलंट वापरलेला टायर बदलायलाच सांगतात, म्हणून गाडीची पुस्तिका पाहावी.

मार्केट यार्डात येणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरायला कुटुंबे भुसार बाजारात येतात. गव्हाची आणि तांदळाची पोती डिकीत रचली जातात, आणि किट असते डिकीच्या तळाशी, त्या सगळ्या पोत्यांच्या खाली. पंक्चर झाल्यावर शंभर किलो धान्य रस्त्यावर उतरवावे लागते. म्हणून धान्याला निघण्याआधीच किट काढून पुढच्या सीटमागे ठेवावे. ओझ्याच्या गाडीला जास्त हवा लागते. दाराच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा निराळा दिलेला असतो, तेवढी हवा आधीच भरून घ्यावी. सीलंट भरलेल्या चाकावर एवढे वजन ठेवून घरापर्यंत जाणे टाळावे. पोती टेम्पोने पाठवावीत आणि गाडी रिकामी करून दुकानात न्यावी.

स्प्रेचा डबा स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो. व्हॉल्व्हला लावून दाबला की फेस आणि वायू एकदमच आत जातात. पण मोठ्या टायरला एका डब्यातली हवा पुरत नाही आणि दाब किती झाला हे कळत नाही. शिवाय दाबाखालचे असे डबे 50 अंशांहून जास्त तापू देऊ नयेत असे त्यांच्यावरच छापलेले असते. पुण्याच्या एप्रिलमध्ये उन्हात लावलेल्या बंद गाडीत तेवढे तापमान सहज होते. गाडीत कायम ठेवायला बाटली आणि कॉम्प्रेसरचे किटच बरे. पंक्चर होऊ नये म्हणून टायरमध्ये आधीच भरून देतात ते जेल ही वेगळी वस्तू आहे. ती भरली असेल तर किटचे सीलंट त्यात मिसळू नये, आणि खिळा रुतला तरी हवा जात नाही म्हणून टायर पाहणे सोडू नये.

सीलंटची बाटली कायम टिकत नाही. साधारण चार वर्षांनी, काही प्रकारांत आणखी उशिरा, द्रव घट्ट होतो आणि व्हॉल्व्हमधून जात नाही. सेकंडहँड गाडी घेताना ही तारीख हमखास राहून जाते. बाटली आधीच्या मालकाने वापरून रिकामी परत ठेवलेलीही असू शकते, म्हणून ती हातात घेऊन वजन पाहावे. एकदा वापरलेली बाटली पुन्हा भरता येत नाही, नवीच घ्यावी लागते, आणि ती आपल्या किटच्या जोडणीला बसणारी हवी. कॉम्प्रेसर मात्र रोजच्या कामाचा आहे. महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, त्यानेच चारही चाकांची हवा तपासावी. एकाच चाकाची हवा दर महिन्याला चार-पाच पीएसआय उतरत असेल तर त्यात खिळा आहे किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे असे समजून ते चाक दुकानात दाखवावे.